मालिकेतली आई

घरातल्या माणसापासून मृत्यूची बातमी कधी लपवली आहे का तुम्ही? आम्ही लपवली होती. सासूबाई अमेरिकेत शॉमबर्गला आमच्याकडे असताना त्यांचा भाऊ साताऱ्याला वारला. त्यांना हार्टचा त्रास, म्हणून इतक्यात सांगायचं नाही, असं ह्यांनी ठरवलं.

तेव्हा टीव्हीवर एका सुपरहिरो गुप्तहेराची मालिका नुकतीच सुरू झाली होती. दुसऱ्या भागात तो मोहिमेवर निघताना आईला सांगतो, ऑफिसला जातोय.

"ह्याला उडता येतं, पण आईला खरं सांगता येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, ही इज प्रोटेक्टिंग हर," माझी मुलगी म्हणाली.

"तिला कळलंय गं सगळं. मुलाला अवघड वाटू नये म्हणून गप्प बसलीय."

ह्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही कुणी काही सांगण्याआधीच, सासूबाईंनी डोक्यावरून अंघोळ केली आणि भावाचं सुतक धरून देवाला हात लावला नाही.