आयर्लंडची हार आणि चऱ्होलीची

हसू नका, पण आयर्लंडमधल्या सामन्यापायी मी काळेवाडीत चहा पिताना रडलोय. तिथल्या ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मी शिकलो, तिचा संघ हर्लिंगच्या, म्हणजे काठी-चेंडूच्या खेळाच्या, दुसऱ्या गटाची फायनल हरल्याचं पत्र आलं होतं.

आमच्या गावचा कबड्डी संघ सांभाळणारे कोंडीबानाना शेजारीच होते. "पगार मिळतो का रं त्या खेळणाऱ्यास्नी?"

"छे! दिवसभर कामं करतात आणि आपल्या मातीसाठी खेळतात, नाना!" मी तावातावानं म्हणालो.

"मग आपली माती काय वंगाळ हाय? रविवारी चऱ्होलीत सामना हाय. आपल्या दुसऱ्या संघात एक गडी कमी पडतोय. ये."

गेलो. शेवटच्या चढाईत माझीच पकड झाली आणि आम्ही एका गुणानं हरलो. मी ओठ दाबून उभा राहिलो.

नानांनी पाठीवर हात ठेवला. "आता रड खुशाल, लेका. ह्या बारीला तू खेळलायस."