मेलेल्या पोराचं वजन

नाही, पण मला एक सांगा, मेलेल्या पोराचं वजन वाढतं का हो? वाढतं का? हसताय... हसा! मीही पहिल्यांदा हसलेच होते. तुम्हाला सांगते, माझं काम म्हणजे जगभरातल्या लहान मुलांचे आकडे तपासायचे, कोण जन्मलं, कोणाला गोवर झाला, कोण उपाशी राहिलं, कोण गेलं... आणि हे मी करते कुठून, तर रिठदला, आमच्या गावी, माळवदावरच्या खोलीतून, खाली सोयाबीनची पोती आणि वर मलावी, नेपाळ, पेरू! बाहेर शिकले, तिथंच राहा म्हणाले सगळे, पण मी आले परत, कारण माझा ठाम विश्वास आहे, अजूनही आहे, की जे पोर मोजलं जात नाही त्याच्यापर्यंत लससुद्धा पोचत नाही. भाषण नाही हो देत... बरं, थोडं देते.

तर एके सकाळी आली आपल्याच जिल्ह्यातल्या नोंदीची ओळ, इंझोरी गावची. सर्वेवाल्यानं लिहिलेलं : मुलगा, मृत. बरं. म्हणजे बरं नाही, पण मृत. आणि त्याच नंबरखाली अंगणवाडीच्या काट्यावरचं वजन बघते, तर पुढच्या महिन्यात वाढलेलं! त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी! मेल्यापासून पोर गोबरंच होत चाललेलं! सर्वेवाल्या तौकीरभाईंना फोन लावला, तर ते म्हणे, "मॅडम, आजी खुद बोली, गेलं म्हणून. पदर लावला तोंडाला. आता मी काय बोलू, दिखाओ?"

मग जिनिव्हाची आमची मोठी बाई, इंग्रिड, बोलते ती फ्रीजमधून बोलल्यासारखी, "निकिता, नोंद अशक्य आहे. काढून टाक. शुक्रवारी फाइल बंद होते." काढून टाक! म्हणजे मेला म्हणावं तर वाढतोय, जिवंत म्हणावं तर मेलाय, म्हणून मग जन्मलाच नाही म्हणायचं? आणि ती आलेखाची रेघ अशी वर वर येतेय, वर वर येतेय... मला तर वाटायला लागलं की रेघ नाहीच ती, कोणीतरी रांगत येतंय माझ्याकडे. चहा गाळताना मागे, केस विंचरताना आरशात! शेवटी शेंगा फोडत बसलेल्या बाबांनाच विचारलं, बाबा, मेलेल्या पोराचं वजन वाढतं का हो?

"माह्यं वाढलं ना," म्हणाले!

म्हणजे?

"माह्यं नाव उकंडराव काहून हाय वं? माह्या आंधीचे सारे गेले. मंग मी झालो तं मायनं मले उकंड्यावर नेऊन ठेवलं, कचऱ्यात, अन् म्हने हे फेकलेलं हाय, आमचं नाही. मरनाले वाटलं कचराच हाय, गेलं पुढं. तू इथं मशीनपुढं काय बसून राह्यली? जाय ना, पाहून ये त्या पोराले."

गेले. इंझोरीला दारातच पोराची आजी, भागिरथाबाई, कमरेवर हात ठेवून. "कोनतं पोरगं? आमच्याइथं पोरगं नाही." आणि तेवढ्यात आतून कोणीतरी असं खदखदून हसलं! मी म्हटलं, ते कोण? "बकरीचं पिल्लू हाय." आता मेलेल्या पोराचं वजन एक वेळ वाढेल हो, पण बकरीचं पिल्लू हसतं का?

मग म्हातारी खाली बसली. "हाय नातू. मंग? याच्या आंधीच्या दोघी गेल्या. तुमचा मानूस काचेची पाटी घेऊन आला, त्याच्यात लेकराचं नाव घातलं का लेकरं नेनाऱ्या सटवीले आयता पत्ताच भेटते. म्हून म्या सांगतलं, गेलं."

मग अंगणवाडीत कशाला नेता वजनाला?

"अवं, खाऊ भेटते ना तिथं! मरन आपल्या जागी, खाऊ आपल्या जागी!"

मी समजावलं. लस, पोषण, हक्क, सगळं, घसा सुकेपर्यंत. आजीनं तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुह्या मशीनमंदून पुसून टाकता येते का?" येतं, म्हटलं. "मंग पुसून टाक ना माय! ना मेलं, ना जितं. सटवी येऊन पाह्यते तं काहीच नाही!" अहो, बघा तरी! जिनिव्हाची बाई आणि इंझोरीची आजी, एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही, आणि सल्ला एकच!

निघाले तर भागिरथाबाईंची सून, पोराची आई, मागे आली, वैभवी. पोर कडेवर, काजळानं माखलेलं. "ताई, आत्याबाईचं आयकू नका. याले जिता लिवा." काय सांगू, मला इतका आनंद झाला! लिहिते, म्हटलं, आजच लिहिते!

"अन् त्या दोघीइलेबी लिवा."

कोणत्या दोघी?

"आंधीच्या. एक तं भितीले धरून उभी राहे. दुसरीचे डोये घारे होते. घरात मले नाव काढता येत नाही, आत्याबाई म्हनते याले बाधते."

घरी आले आणि पहिलं काम केलं, पोराला जिवंत केलं. एक बटण दाबलं, झालं. मग त्या दोघी लिहायला घेतल्या, तर मशीन म्हणतं, सर्वे सुरू होण्याआधीचा जन्म, नोंद स्वीकारता येत नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. इंग्रिड म्हणाली, "निकिता, त्या आपल्या अभ्यासाच्या काळात बसत नाहीत." मग कुठल्या काळात बसतात हो? माझ्या फायलीत मेलेला होता तो घरात हसतोय, आणि ज्या खरंच मेल्या त्या कधी जन्मल्याच नाहीत!

तेव्हापासून मला एक खोडच लागली. मलावी असो, नेपाळ असो, कुठेही 'मृत' दिसलं की पटकन पुढचा महिना उघडायचा आणि वजन शोधायचं. वाटतं, असेल, याचीही कुठेतरी एखादी खोटारडी आजी असेल... वाढ रे, थोडं तरी वाढ... नाही. मेलेल्या पोराचं वजन नाही हो वाढत. पुढचे सगळे रकाने रिकामे.

वैभवीला फोन करून खरं ते सांगितलं, बाई, मशीन घेत नाही त्यांना. मागे पोराचं बोबडं चाललं होतं. मग म्हणाली, "बरं. मंग तुमी ठेवा."

मी काय ठेवू?

"ध्यानात ठेवा. इथं तं बोलता येत नाही. एकीचं नाव रूपला. दुसरीचं ठेवाचंच राह्यलं."

तेव्हापासून आहेत माझ्याकडे. जेवायला बसलं की एक भिंतीला धरून उभी, दुसरी बघत असते, घाऱ्या डोळ्यांनी. काही मागत नाहीत हो... तेच तर! मला एकटीला झेपेना, म्हणून तुम्हाला बसवलं आणि सांगितलं. आता घरी जाल ना, त्या येतीलच तुमच्या मागं. असं बघू नका माझ्याकडे... मी साधी आकडेवाली बाई, आलेली माहिती पुढे पाठवायची, एवढंच माझं काम.