खाली मान, वर दाब

थोरली: पावलं ओळखली मी. मान वर करता येत नाही म्हणून काय झालं! तुला कोणी बोलावलं?

धाकटी: तुझ्या लेकीनं. तिची रजा संपली. म्हणाली, मावशी, आईच्या डोळ्याचा सुटलेला पडदा ऑपरेशन करून बसवलाय, तो दाबून धरायला आत वायूचा फुगा भरलाय, म्हणून मान खालीच ठेवायचीय. थेंब घालायला ये.

थोरली: तिच्या लग्नापासून तोंड दाखवलं नाहीस.

धाकटी: आता तरी कुठं दिसतंय तुला?

थोरली: विहिणीसमोर म्हणालीस, ताई केस रंगवते!

धाकटी: रंग कानावरून ओघळत होता, ताई. मी नुसता रुमाल पुढे केला... अगं, या पिवळ्या टोपणाच्या बाटलीचं सीलसुद्धा फोडलेलं नाही!

थोरली: बाकीचे घालते की. ते मेलं फार झोंबतं म्हणे.

धाकटी: म्हणे? घालून तरी बघितलंस का? डोळ्यातला दाब वाढू नये म्हणून तेच तर दिलंय! लेकीला काय सांगत होतीस?

थोरली: घातलं म्हणून.

धाकटी: शाबास! आणि कपाळ का दाबून धरलंयस?

थोरली: सकाळपासून डोळा ठणकतोय. मळमळतंयही. तू येणार हे पोटाला आधीच कळलं असेल.

धाकटी: ऊठ. दवाखान्यात चल.

थोरली: अशी? केस न विंचरता?

धाकटी: रंगवूनच जाऊ या का? ऊठ म्हणते ना! मान वर नको. माझा हात धर.

(दवाखान्यात, तपासणीनंतर)

डॉक्टर: दाब भलताच चढला होता, आजी. औषधं दिली, थोडा वायू काढला, आता उतरलाय. उद्यावर ढकललं असतंत, तर ऑपरेशन होऊनही नजर गेली असती.

थोरली: झोंबतं हो ते.

डॉक्टर: झोंबू द्या. थेंब वेळेवर, उताणं झोपायचं नाही आणि डोळा दुखला की लगेच फोन. घरी थेंब कोण घालणार?

थोरली: मीच घालीन.

धाकटी: मी घालणार. हिच्यावर काडीचा भरवसा नाही.

डॉक्टर: आपण कोण?

थोरली: माझी धाकटी. जिभेला हाड नाही, पण हात हलका आहे.

धाकटी: ऐकलंत ना, डॉक्टर? आता मला तिथेच मुक्काम ठोकावा लागणार. बाहेरच्या खोलीत झोपते.

थोरली: तिथला पंखा खडखडतो. माझ्या शेजारीच गादी घाल.

धाकटी: तू घोरशील.

थोरली: पालथं झोपून कसली घोरतेय! झोपही लागत नाही. तू आपली बोलत राहा.