गव्यासाठी गोळी

चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सनं थेंब घातले आणि कौमुदीपुढचं जग धुक्यात विरघळलं. शेजारच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांचे नुसते आवाज उरले.

“शेषगिरी सार, मी जन्मभर कारखान्यात काडतुसं तपासली, पण जनावरावर झाडलेलं एकही पाहिलं नाही. गव्याला कुठली गोळी लागते हो?”

“वाघाची चालत नाही, वसंतराव. ती मऊ टोकाची, लागली की फुलते. गव्याचं कातडं जाड, हाड त्याहून जाड. गोळी वरच फुटते, अन् जनावर चार दिवस तडफडतं.”

“मग सबंध टणक घ्यायची?”

“ती आरपार जाते. मज पुढं मऊ, मागं टणक पाहिजे होती. परदेशी, महागाची. तीन महिने वाट पाहूनशान घेतली.”

“एवढं कशाला?”

“त्याला दुखू नये म्हणून.”

“मग?”

“एकाहत्तर साल. शिकारीला तेव्हा परवाना मिळायचा. पहाटेच्या धुक्यात तो वळून उभा राहिला. गव्याचे डोळे निळे दिसतात, ठाऊक आहे? मी गोळी झाडली. जागच्या जागी बसला. डोळे मात्र उघडेच राहिले, माझ्याकडं बघत.”

“म्हणजे गोळी उत्तम निवडलीत.”

“उत्तम.”

कौमुदीसमोरच्या धुक्यातून एक मोठी सावली सावकाश चालत आली. नर्स होती. ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं, खूण करायची आहे, असं तिनं शेषगिरींना तमिळमध्ये विचारलं.

शेषगिरींनी तिला तमिळमध्येच उत्तर दिलं. मग मराठीत म्हणाले,

“उजव्याचं. त्यानंच नेम धरला होता.”

“आणि डावा?”

“तो तेव्हा मिटलेला होता. अजून लख्ख आहे.”