भिंतीपलीकडचा ‘दे’

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याचे मालक माननीय शेठजी, व्यासपीठावर विराजमान झालेले नवे मॅनेजरसाहेब, मिशन शाळेचे हेडमास्तर आदरणीय कृपादान सर, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती बाबाजानचाचा, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधूंनो, खुर्च्यांना वेत विणणाऱ्या भगिनींनो,

मी योसेफ, गोल करवतीवर काम करतो. भाषणाची मला सवय नाही. शाळेत सरांनी मला पाठांतराला उभं केलं की मी दाराकडे बघायचो, सर ते विसरले नसतील. आजही दाराकडेच बघतो आहे. पण आजचं कारण निराळं आहे, आणि ते न सांगता मी खाली बसलो, तर उद्या सकाळी करवतीपुढे कोणत्या तोंडाने उभा राहू?

चाचा मूळचे जामखेडचे. कारखान्यात इंजिन आलं तेव्हापासून ते इंजिनावर आहेत. आता डोळ्यांनी साथ सोडली, म्हणून ते लेकीकडे, शरिफाताईंकडे, गावी निघाले आहेत. त्यांच्या गोड स्वभावाबद्दल माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. गोड? मंडळी, बिडी ओढताना इंजिनाजवळ सापडलेल्यांना विचारा!

हेडमास्तरांच्या माहितीसाठी थोडं कामाचं सांगतो. आमच्याकडे एक माणूस सबंध खुर्ची करत नाही. माझ्याकडची फळी रंध्यावर जाते, तिथून भोकं पाडायला, मग जोडणीला, मग वेताला, शेवटी चांदभाईंच्या पॉलिशला. साहेब याला लाइन म्हणतात. एकाचा हात थांबला की पुढचे सगळे हात रिकामे, आणि सगळ्यांच्या माना मागे वळतात. त्या माना माझ्याकडे वळल्या की मी घाई करतो. घाईत माणूस हात कुठे घालतो, त्याचं त्यालाच कळत नाही.

इंजिन आहे भिंतीपलीकडे. भिंतीच्या भोकातून चामड्याचा पट्टा येतो आणि करवत फिरवतो. करवतीखाली भुसा अडकला की चाचा पट्टा काढतात, करवत थांबते, आम्ही हात घालून भुसा उपसतो. झालं की ओरडायचं, ‘दे!’ दे म्हणजे पट्टा दे. लढाईच्या दिवसांत पलटणीसाठी घडीच्या खाटा करत होतो, तेव्हाची ही रीत.

तेव्हा करवतीवर सूर्यभान होता. मी फळ्या उचलून द्यायला शेजारी उभा होतो. सूर्यभानचा हात खाली भुशात. लाइन खोळंबलेली. मुकादम ओरडत होता. भिंतीपलीकडून चाचांनी विचारलं, “सूर्यभान, देऊ का रं पट्टा?”

सूर्यभान ओरडला, “राहू दे!”

इंजिनाच्या धडधडीत ‘राहू’ भिंतीअलीकडेच राहिलं. पलीकडे गेलं ते नुसतं ‘दे’.

पुढचं मी सांगत नाही. सूर्यभान आज नेवाशाहून मुद्दाम आला आहे. तो मागच्या रांगेत उपरण्याखाली हात घेऊन बसला आहे. चाचांचा दोष नव्हता, हे पहिल्यांदा म्हणाला तो सूर्यभानच. पण चाचांना ते कधी पटलं नाही.

त्या दिवसापासून कारखान्यात ‘राहू दे’ हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. नको असेल तर नको म्हणतो, थांब असेल तर थांब म्हणतो. आणि चाचा शब्दावर विसंबायचेच थांबले. पट्टा देण्याआधी ते भिंतीला वळसा घालून पुढे येतात आणि म्हणतात, “हात दाव रं, योसेफ.” मी दोन्ही हात वर करतो. ते बघतात, परत जातात, मगच पट्टा देतात. एकदा मी चांदभाईंना मदत करून आलो होतो, हाताला लाल पॉलिश लागलेलं. मी हात वर केले आणि चाचा मटकन खालीच बसले. “पालिस हाय चाचा, पालिस!” असं सांगून सांगून माझा घसा बसला. त्या दिवशी त्यांनी भाकरीला हात लावला नाही. हल्ली दिसत नाही, म्हणून माझं एकेक बोट चाचपून बघतात.

त्या वळशात वेळ जातो, हे साहेबांचं म्हणणं खोटं नाही. सरांच्या शाळेचे बाक अजून व्हायचे आहेत. उद्यापासून मुकादम घंटा वाजवील आणि इंजिनावरचा नवा माणूस पट्टा देईल, असं ठरलं आहे. पण मुकादम बसतो जोडणीपाशी. तिथून त्याला माझे हात दिसत नाहीत. नव्या माणसाला तर भिंतच दिसते. शेठजी, मला भीती वाटते. हे आपल्यासमोर बोलायचीही वाटते, पण ती कमी आहे. काल माझी बायको फिलोमिना जेवायला वाढत होती, आणि मी भाकरी मोडायची सोडून आपल्याच बोटांकडे बघत बसलो. तिनेच भाकरी मोडून माझ्या हातात दिली. तिलाही घंटेचं कळलं आहे.

चाचांना शाल मिळाली, नारळ मिळाला. लाइनीकडून त्यांना द्यायला आमच्यापाशी एकच गोष्ट आहे. मंडळी, टाळ्या नकोत. सगळ्यांनी दोन्ही हात वर करा. सूर्यभान, तूही कर, उपरणं काढ. व्यासपीठावरच्या मान्यवरांनाही हात जोडून विनंती करतो. शेठजींनी केले, मी आभारी आहे. सरांनी केले. साहेब, आपलेही... आपली कृपा.

चाचा, खाली उतरा आणि रांगेरांगेने चाचपून बघा. सूर्यभानपासून सुरुवात करा. आजवर त्याच्या हाताला हात लावायला तुम्ही धजला नाहीत.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, बोलण्यात काही चुकलं असेल, तर पोटात घाला. माणसाला चूक पोटात घालता येते. करवतीला पोट नसतं, नुसते दात असतात.

आणि साहेब, हात दुखले तरी चाचा आपल्यापर्यंत पोचेतो खाली घेऊ नका. वरच... इतक्या दिवसांत हा शब्द पहिल्यांदा उच्चारतो, आणि आज इंजिन बंद आहे, सबंध ऐकू जाईल.

राहू द्या.