निळ्या दिव्याखालून

न्हाय न्हाय भाऊजी, बसा तिथंच लिंबाखाली — पुढं या म्हणतच न्हाय मी. माझा आवाज येतुय न्हवं? मग झालं. सख्खा दीर असला तरी क्षयाच्या दवाखान्यात जवळ कोण बसतंय? माझ्या महानंदाला न्हाय आणलं? बरं केलं, ऊन लई हाय. उंच झाली असंल न्हाय पोरगी? मी हितं आले तवा मांडीला बिलगायची... असू द्या. तर आत्याबाईचा निरोप कळला — निळ्या दिव्याखालून निघाल्याबिगर सुनंनं उंबऱ्यात पाय ठिवायचा न्हाय. चूक कसं म्हणू? आपल्या गावच्या वीरप्पाला हितनं बरा हून आलेला बघितलंय न्हवं त्यांनी.

म्हातारे डागदर होते तवा रीतच होती तशी. माणूस बरं झालं, की त्याची गादी उचलायची, दारं-खिडक्या लावायच्या आन् रिकाम्या खाटंवर निळा दिवा लावायचा — खाटंवरचे, भिंतीवरचे जंतू मरत्यात म्हणं त्येनं. इकडं दिवा लागला, की तिकडं माणूस गाठोडं घिऊन घरला. वीरप्पानं गावभर तेच सांगितलं — दिवा लागला आन् मी सुटलो. दिवा खाटंला का माणसाला, कोण इचारतंय?

मग आले नवे डागदर. ते म्हणले, दिव्याचं थोतांड कशाला? ऊन काय कमी हाय हितं? गाद्या उन्हात टाका, खाटा फिनेलनं पुसा! दिवा नेला आपरेशनच्या खोलीत. तरी पुरुषांच्या वारडात लावत्यातच अजून — कुणी पाटील-बिटील घरला निघाला की. एका दवाखान्यात किती कायदे? आन् खरं कुणाचं? सगळेच शिकलेले. माझी थुंकी निर्मळ निघाली, छातीचा फोटू निर्मळ निघाला, डागदर म्हणले जा घरला — पर दिवा काय लागला न्हाय. तवापास्नं वाट बघत बसलीया. सिताबाई माझ्यासंगं बरी झाली, तिला न्ह्यायला कुणीच आलं न्हाय. आता हितंच रोग्यांच्या भाकरी थापती. माझं तसं नगं व्हाया, भाऊजी. बोलाय माणूस न्हाय हो हितं. परवा खाटंच्या दांडीला म्हणलं, झोपलीस का गं? — हसू नका.

म्हणून तर... सांगायचं नव्हतं तुमाला. पर सांगते. मागल्या बाजाराच्या दिवशी, दुपारची सगळी जेवाय गेली, तवा शिरले मी त्या आपरेशनच्या खोलीत. बटण दाबलं आन् झोपले टेबलावर उताणी. डोळं उघडं ठिवून — म्हणलं, डोळ्यातलाबी जंतू मरू दे, आत्याबाईला बोलाय जागा नगं. नरसबाई बोंबलत आली तवर पडूनच होते. अगं बये, म्हणली, ह्यो माणसासाठी न्हाय! सांजंला डोळ्यात वाळू घातल्यावानी आग. दोन दिस दिसलं न्हाय काय. पर निघाले न्हवं दिव्याखालून? तुमी घरी निस्तं येवढंच सांगा — वैनी निघाली दिव्याखालून, नरसबाई साक्षीला हाय. आन् गाडी घिऊन या. माझा तांब्या येगळा ठिवीन, गोठ्यात निजंन, पोरीला हात न्हाय लावायची. लांबनं बघू द्या फकस्त. थांबा, खूणच दावते तुमाला, तोंडावरचा पदर सारते — बघा, सापानं कात टाकावी तसं जुनं कातडं निघून चाललंय. आतनं नवं येतंय. हाय का आता रोगाचं काय?

का वं? उठला का? — हे? अवं, हे रोगाचं न्हाय! भाजलंय दिव्यानं, म्हणून सोलतंय. महारोग न्हाय हो ह्यो, भाऊजी, शपथ घेते महानंदाची — बसा की! नरसबाई! ओ नरसबाई, सांगा की ह्यांना, त्यांच्याच आईनं सांगितलेला दिवा —

नाकाला रुमाल लावला. बरं. घेते पदर खाली, हे बघा, घेतला. जावा तुमी. यष्टी चुकंल. महानंदाला सांगा... न्हाय. काय सांगू नका.