दोन्ही पट्ट्यांवर नऊच माश्या

पशुसंशोधन केंद्रातल्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या जोडप्याकडे दोन गोठ्यांतल्या चिकट पट्ट्या होत्या. प्रत्येकीवर नऊच माश्या.

"औषध मारलेल्या गोठ्यात नऊ, न मारलेल्यातही नऊच? माझं डोकंच चालेना."

"अहो, हळू बोला."

"औषधाला गुण नाही, म्हणून केंद्राच्या मॅडम आज प्रयोग बंद करणार. तीन वर्षं पाण्यात!"

"गुण आहे हो."

"तुला काय ठाऊक?"

"बिनऔषधाच्या गायी सारख्या पाय आपटायच्या. बघवेना. माश्या बसू नयेत म्हणून रोज कडुनिंबाचं तेल चोळलं त्यांना."

"अगं! त्यांना काहीच लावायचं नव्हतं ना?"

"महिनाभर सांगेन म्हणतेय, धीरच होत नाही."

दार उघडून मॅडम बाहेर आल्या. शेजारच्या बाई उठल्या.

"मॅडम, प्रयोग बंद करू नका. घोळ मी घातलाय."